प्रश्न वाचकांचे : परीक्षा एकच, मग वर्गात सगळे का दिसत नाहीत?

या वेळी आलेल्या टपालात निवडक सरकारी शाळांच्या प्रवेशपरीक्षा आणि त्या परीक्षांच्या निकालात काही समाजांची मुले जवळजवळ न दिसणे, या एकाच विषयाची पाच पत्रे निघाली. त्यामुळे हा अंक त्याच विषयाला दिला आहे. पीकविम्याविषयीचे प्रश्न पुढील अंकात घेऊ. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या साडूंची नात न्यूयॉर्कला असते. यंदा तिला तिथल्या स्टायव्हसंट या सरकारी शाळेत प्रवेश मिळाला म्हणून इकडे जळगावात पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात माझ्या वाचनात आले की या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना दर वर्षी बोटांवर मोजण्याइतक्याच जागा मिळतात. साडूंचे म्हणणे असे की, परीक्षा सर्वांना एकच आहे, वशिला नाही, देणगी नाही, मग तक्रार कसली? याला भेदभाव म्हणावे की म्हणू नये?
(निवृत्त बँक अधिकारी, जळगाव)

उत्तर : स्टायव्हसंट ही मॅनहॅटनमधील नववी ते बारावीची, फी नसलेली सरकारी शाळा आहे. केवळ एका लेखी परीक्षेच्या गुणांवर प्रवेश देणाऱ्या अशा आठ शाळा न्यूयॉर्क शहरात आहेत. दर वर्षी साधारण २५ ते २८ हजार मुले ही परीक्षा देतात आणि त्यांतील चार हजारांच्या आसपास मुलांना जागा मिळते. इंग्रजी आणि गणित हे दोनच विभाग, वेळ तीन तास. शाळेतील वर्षभराचे गुण, हजेरी, शिक्षकांचा अभिप्राय, मुलाखत यांपैकी कशालाही स्थान नाही. मुले शाळांचा पसंतीक्रम लिहून देतात, गुणानुक्रमे वरून खाली जागा भरत जातात, आणि सर्वाधिक मागणी असल्यामुळे स्टायव्हसंटचा कट-ऑफ सर्वांत वर राहतो.

आता आकडे पाहा. २०१९ साली स्टायव्हसंटने ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला. त्यांत आशियाई वंशाची मुले ५८७, गोरी १९४, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या घरांतील) ३३ आणि कृष्णवर्णीय अवघी ७ होती. त्या वेळी शहराच्या सरकारी शाळांच्या एकूण पटावर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुले मिळून सुमारे दोन-तृतीयांश होती. ते वर्ष अपवादाचे होते असेही नाही, कारण २०२४ मध्ये ७४४ जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला १० आल्या.

ही परीक्षा बदलणे महापौरांच्या एकट्याच्या हातात नाही. १९७१ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने हेक्ट-कॅलँड्रा या नावाने ओळखला जाणारा कायदा केला आणि स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स व ब्रुकलिन टेक या शाळांचा प्रवेश फक्त स्पर्धापरीक्षेने होईल असे ठरवून टाकले. ही परीक्षा काही समाजांवर अन्याय करते काय, याची चौकशी शहराचा शिक्षण विभाग करू लागला असतानाच हा कायदा आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे २०१८ मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांनी परीक्षा रद्द करून शहरातील प्रत्येक माध्यमिक (तिथे सहावी ते आठवीच्या) शाळेतील पहिल्या सात टक्के मुलांना या शाळांत घ्यावे, असा प्रस्ताव मांडला. आशियाई पालकांनी रस्त्यावर उतरून त्याला विरोध केला आणि २०१९ मध्ये विधिमंडळात तो बारगळला.

तुमच्या साडूंचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे त्यांना मोकळेपणाने दिले पाहिजे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला मुलाचा रंग दिसत नाही. श्रीमंतांनी पैशाच्या बळावर या जागा बळकावल्या, हा आरोपही टिकत नाही, कारण स्टायव्हसंटमधील जवळपास निम्मी मुले कमी उत्पन्नाच्या घरांतील असतात. त्यांतल्या कित्येकांचे आईवडील हॉटेलच्या भटारखान्यात किंवा शिवणाच्या कारखान्यात राबणारे स्थलांतरित असतात आणि पोटाला चिमटा घेऊन मुलाला शनिवार-रविवारच्या क्लासला पाठवतात. या मुलांच्या कष्टांना 'विशेषाधिकार' म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते.

उरलेले अर्धे मात्र ब्रुकलिन टेकच्या इतिहासात दडलेले आहे. १९८१ साली त्या शाळेतील जवळपास दोन-तृतीयांश विद्यार्थी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक होते, आणि पुढची दहा वर्षे हे प्रमाण निम्म्याच्या आसपास टिकून होते. तेव्हाही कायदा हाच होता आणि प्रवेशाची रीतही एकाच परीक्षेची होती. या एका गोष्टीमुळे वादातील दोन्ही सोपी उत्तरे कोसळतात. त्या समाजांच्या मुलांत कुवतच नाही असे म्हणणाऱ्यांना विचारावे लागते की, मग चाळीस वर्षांपूर्वी ती कुठून आली होती? परीक्षा मुळातच वंशभेदी आहे असे म्हणणाऱ्यांनाही विचारावे लागते की, मग तेव्हा ती आड का आली नाही?

दरम्यानच्या काळात बदलले ते परीक्षेच्या आधीचे सगळे. कृष्णवर्णीय वस्त्यांतील माध्यमिक शाळांत पूर्वी हुशार मुलांसाठी पुढच्या पातळीचे वर्ग चालत. ते एकेक करून बंद झाले, आणि त्या वर्गांतून वर आलेले माजी विद्यार्थीच आज ही तक्रार सर्वांत पोटतिडकीने मांडतात. खासगी क्लास पसरले, तेही काही वस्त्यांत जास्त आणि काही वस्त्यांत नावापुरते. १९६५ च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांना दार उघडून दिल्यावर स्पर्धेत उतरणारी मुलेही वाढली. आज अशी स्थिती आहे की, जागांचा मोठा हिस्सा शहरातील मोजक्या माध्यमिक शाळांतील मुलांकडे जातो आणि कित्येक शाळांतून वर्षानुवर्षे कुणीही निवडले जात नाही. कापूस खरेदी केंद्रावरचा काटा खरा असला, म्हणून बागायती आणि कोरडवाहू वावर सारखे होत नाही.

तेव्हा भेदभाव आहे का, याचे माझे उत्तर असे की, तो प्रश्नपत्रिकेत शोधला तर सापडणार नाही. चांगले गणित शिकवणारा शिक्षक पाचवी ते आठवीच्या वर्गात कोणत्या वस्तीला मिळतो आणि कोणत्या वस्तीला मिळत नाही, या वाटपात तो आहे. परीक्षा ते वाटप एका सकाळी उघडे करून दाखवते. साडूंच्या नातीचे यश यामुळे कणभरही कमी होत नाही. पेढे योग्यच होते.

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्यास मनाई केली आहे, असे आम्हाला शिकवले गेले. मग तिथल्या निवडक शाळा ही विषमता कमी करण्यासाठी काही करू शकतात की त्यांचे हात पूर्ण बांधलेले आहेत?
(धुळे)

उत्तर : हात बांधलेले आहेत, पण पूर्ण नाहीत. जून २०२३ चा निकाल हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांविषयीचा होता. शाळांच्या बाबतीत त्याआधीच, २००७ मध्ये, सिएटल आणि लुईव्हिल या शहरांच्या खटल्यांत न्यायालयाने विद्यार्थ्याचा वंश पाहून त्याला शाळा नेमून देण्याच्या तिथल्या पद्धती घटनाबाह्य ठरवल्या होत्या. त्याहून जुना धडा बोस्टनचा आहे. १६३५ साली स्थापन झालेल्या बोस्टन लॅटिन या शाळेत आणि तिच्या जोडीच्या परीक्षा-शाळांत १९७० च्या दशकातील न्यायालयीन आदेशाने ३५ टक्के जागा कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांसाठी ठेवल्या गेल्या. १९९० च्या दशकात प्रवेश हुकलेल्या गोऱ्या मुलींच्या वतीने दावे झाले, १९९८ मध्ये अपील न्यायालयाने वंशाचा निकष पूर्ण काढून टाकायला लावला, आणि त्यानंतर त्या दोन्ही समाजांचे प्रमाण घसरले.

तेव्हापासून शहरे वंशाचे नाव न घेता वस्ती, उत्पन्न आणि मूळ शाळा यांच्या आधाराने वाट काढत आहेत. शिकागोमध्ये निवडक शाळांच्या ३० टक्के जागा निव्वळ गुणांवर भरल्या जातात; उरलेल्या जागांसाठी शहराच्या वस्त्यांचे उत्पन्न, पालकांचे शिक्षण अशा निकषांवर चार स्तर केले आहेत आणि प्रत्येक स्तरातील मुलांची स्पर्धा त्याच स्तरातील मुलांशी होते. बोस्टननेही २०२१ पासून असेच स्तर स्वीकारले.

माझ्या मते सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण व्हर्जिनिया राज्यातील टॉमस जेफरसन हायस्कूलचे आहे. विज्ञान-तंत्रज्ञानासाठी नावाजलेल्या या शाळेने २०२० मध्ये प्रवेशपरीक्षा आणि शंभर डॉलरचे अर्जशुल्क दोन्ही रद्द केले. गुणांची किमान अट आणि निबंध ठेवले, आणि परिसरातील प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का इतक्या जागा त्या शाळेसाठी राखल्या. पहिल्याच वर्षी कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपासवरून सात टक्क्यांवर आणि गरीब घरांतील मुलांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते ते २५ टक्क्यांवर गेले. आशियाई मुलांचे प्रमाण ७३ वरून ५४ टक्क्यांवर आले. पालकांच्या एका गटाने दावा केला की, वरवर तटस्थ दिसणारी ही पद्धत आशियाई मुलांना कमी करण्यासाठीच आखली होती. मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. आशियाई मुलांना अर्जदारांतील त्यांच्या हिश्श्यापेक्षा अजूनही जास्त जागा मिळत आहेत, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोस्टनच्या प्रकरणातही तेच केले. दोन्ही वेळा न्यायमूर्ती अलिटो आणि टॉमस यांनी असहमती नोंदवली. हा प्रश्न तिथे मिटलेला नाही, एवढे त्यावरून समजावे.

आपल्या संविधानाची वाट याच्या उलट दिशेने जाते, हे तुम्ही शिकला असालच. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेले कलम १५(४) राज्याला मागास वर्गांचे आणि अनुसूचित जाती-जमातींचे नाव घेऊन तरतूद करू देते. आपल्याकडे अर्जावर प्रवर्गाचा रकाना असतो. तिथे प्रवेश ठरवताना तो रकाना झाकून ठेवावा लागतो. पण रकाना उघडा असला म्हणजे काम संपले असे होत नाही, हे पुढच्या पत्रावरून दिसेल.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. माझ्या शाळेतून एकही मूल आजवर नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी विद्यालयाला, लागलेले नाही. आरक्षण आहे, फी नाही, परीक्षा मराठीत आहे, मग अडचण काय, असे वरिष्ठ विचारतात. अमेरिकेतल्या या वादातून आमच्यासारख्यांनी घ्यावे असे काही आहे का?
(नंदुरबार जिल्हा)

उत्तर : घेण्यासारखे आहे, पण जपून. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास गुलामगिरीचा आहे आणि सातपुड्यातील भिल्ल, पावरा समाजांचा इतिहास जंगलाच्या, जमिनीच्या आणि विस्थापनाच्या झगड्याचा आहे. एकाचे गणित दुसऱ्याला जसेच्या तसे लावले तर उत्तर चुकेल. साम्य आहे ते यंत्रणेत. एक स्पर्धापरीक्षा, थोड्या जागा, आणि त्या परीक्षेपर्यंत पोहोचण्याचे अत्यंत विषम रस्ते, ही रचना दोन्हीकडे सारखी आहे.

नवोदयची योजना तुमच्या पाड्यासारख्या ठिकाणांसाठीच आखली गेली होती. १९८५-८६ मध्ये प्रायोगिक म्हणून दोन विद्यालये सुरू झाली, एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावती जिल्ह्यात. खेड्यातील हुशार मुलाला घरच्या गरिबीमुळे चांगले शिक्षण नाकारले जाऊ नये, ही त्यामागची कल्पना. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, किमान एक-तृतीयांश मुलींना, आणि अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, असे नियम आहेत. कागदावर हे न्यूयॉर्कच्या कायद्यापेक्षा कितीतरी सुज्ञ आहेत.

तरी त्यात एक पाचर आहे. अनुसूचित जाती आणि जमाती या दोहोंचे मिळून आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १४ टक्के आणि धुळे जिल्ह्यात सुमारे ३२ टक्के आहे. तिथे ही मर्यादा जमातींच्या हिश्श्याला अडवत नाही. नंदुरबारमध्ये मात्र हे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. म्हणजे खान्देशात ज्या जिल्ह्यात आदिवासी बहुसंख्य आहेत, नेमक्या त्याच जिल्ह्यात 'लोकसंख्येच्या प्रमाणात' हे तत्त्व अर्ध्या वाटेवर थांबते. खुल्या गुणवत्तेतून आलेले आदिवासी मूल या राखीव जागांत मोजले जात नाही, त्यामुळे वरचा हिस्सा खुल्या जागांतून मिळवता येतो, हे खरे. पण राज्यातील सर्वांत कमी साक्षरतेच्या जिल्ह्यात, जिथे २०११ मध्ये ती ६४ टक्क्यांच्या आसपास होती, हे मिळवणे कुणाला जमते?

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि ती तुमच्या वरिष्ठांच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. प्रवर्ग हा एकच असला तरी त्यातील मुले एकसारखी नसतात. शहाद्याजवळच्या हमरस्त्यावरील गावात राहणारे, वडील नोकरीत असलेले मूल आणि नर्मदेच्या काठच्या पाड्यावरचे, आईवडील पावसाळा सरताच गुजरातेत ऊसतोडीला किंवा शेतमजुरीला जाणारे मूल, दोघेही ग्रामीण आणि दोघेही अनुसूचित जमातीचेच. राखीव जागा भरली गेली असे नोंदवहीत दिसते आणि तुमचा पाडा तरी कोराच राहतो. टॉमस जेफरसन शाळेचा दीड टक्क्याचा नियम मला याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. समाजाचे नाव न विचारता 'हे मूल कोणत्या शाळेतून आले?' हा प्रश्न त्याने प्रवेशाच्या गणितात आणला. नवोदयच्या ८० जागांत प्रत्येक शाळेला जागा देणे शक्य नाही, हे उघड आहे. पण ज्या केंद्रांतील (शाळांच्या समूहांतील) शाळांतून कित्येक वर्षांत एकही मूल निवडले गेले नाही, त्या केंद्रांसाठी मिळून काही जागा राखणे शक्य आहे, आणि ते व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे. यामुळे कट-ऑफ काही गुणांनी खाली येईल. तो खाली आल्यास शाळा बुडेल असे मला वाटत नाही. मात्र त्या मुलांना सहावीच्या पहिल्या वर्षी जादा तास द्यावे लागतील, आणि ते न दिल्यास मुले गळतील, हेही तितकेच खरे.

नियम बदलायचे तेव्हा बदलतील. तोवर तुमच्या हातातील गोष्टींविषयी.

ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तीनही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण सत्र शिकलेले असावे लागते. स्थलांतर करणाऱ्या घरांतील मुले इथेच मागे पडतात. तुमच्या वर्गातील ज्या मुलाकडून आशा वाटते, त्याला आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवण्याविषयी पालकांशी पाचवीत बोलून उपयोग नाही, दुसरीतच बोलावे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पाड्यावर नेटवर्क नसेल तर तालुक्याच्या गावी जाण्याचे काम पालकावर न टाकता सगळ्या मुलांचे अर्ज शाळेनेच एकत्र भरावेत. जातीच्या दाखल्याची धावपळही निकालानंतर सुरू करू नये.

परीक्षेची रचना तुमच्या मुलांना वाटते तितकी प्रतिकूल नाही. एकूण ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यांतील ४० प्रश्न आणि ५० गुण एकट्या मानसिक क्षमता चाचणीचे आहेत, आणि ते प्रश्न आकृत्यांचे आहेत: वेगळी आकृती ओळखणे, आरशातील प्रतिमा, अपुरी आकृती पूर्ण करणे. घरी पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या मुलाला इथे मराठी वाचनाचा अडसर जवळजवळ येत नाही. उरलेले ५० गुण अंकगणित आणि भाषा यांत निम्मे निम्मे आहेत. भाषेचे चार उतारे असतात आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. शिक्षक बहुधा उताऱ्यांपासून सुरुवात करतात आणि मूल पहिल्याच महिन्यात खचते. तुम्ही आकृत्यांपासून सुरुवात करा, आणि उतारे तिसरीपासून रोज एक, मुलाच्या बोलीत त्याचा अर्थ सांगवून घेत, सावकाश चालू द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगा. आणि उत्तरपत्रिकेतील गोल भरण्याचा सराव करून घ्या. ज्या मुलाने तशी उत्तरपत्रिका कधी पाहिलेलीच नाही, त्याची पहिली दहा मिनिटे गोंधळात जातात.

एकलव्य निवासी शाळांचा पर्यायही डोळ्यांसमोर असू द्या. ज्या तालुक्यात निम्म्याहून अधिक आणि किमान २० हजार आदिवासी लोकसंख्या आहे तिथे अशी शाळा असावी, असे केंद्राने २०१८ मध्ये जाहीर केले, आणि धडगाव, अक्कलकुवा हे तालुके या निकषात सहज बसतात. त्या शाळा चांगल्या चालल्या पाहिजेत. मात्र 'तुमच्यासाठी एकलव्य आहे ना' असे म्हणून नवोदयच्या दारापासून मुलांना वळवले जात असेल, तर ते मान्य करू नका.

प्रश्न : आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी सोडत काढतात. तशीच सोडत या निवडक शाळांतही काढली तर सगळा वादच मिटणार नाही का?
(अमळनेर)

उत्तर : मिटणार नाही, सॅन फ्रान्सिस्कोने तो प्रयोग करून पाहिला आहे. तिथल्या लोवेल हायस्कूलने महासाथीच्या काळात गुणांऐवजी सोडत आणली. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचे प्रमाण वाढले, पहिल्या वर्षात नापासांचे प्रमाणही वाढले, पालक चिडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहरातील मतदारांनी शिक्षण मंडळाच्या तीन सदस्यांना परत बोलावले, त्यामागच्या कारणांत लोवेलही होते, आणि जूनमध्ये गुणांची पद्धत परत आली. नापासीत दीड वर्ष बंद राहिलेल्या शाळांचा वाटा किती आणि सोडतीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पहिलीच्या वर्गासाठी सोडत हा मला सर्वांत न्याय्य मार्ग वाटतो, कारण सहा वर्षांच्या मुलाची गुणवत्ता मोजणे म्हणजे त्याच्या आईवडिलांची मोजणे. पुढच्या पातळीचे शिक्षण देणाऱ्या शाळेत किमान तयारी तपासून मगच सोडत काढावी. नुसती सोडत मुलाला आत घेते आणि तिथे एकटे सोडते.

प्रश्न : आमचा मुलगा गावातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत आहे. शहरातील एका निवासी क्लासवाल्यांनी पाचवीचे पूर्ण वर्ष त्यांच्याकडे ठेवा, शाळाही इकडेच बदलून घ्या, नवोदय नक्की, असे सांगितले आहे. फी आमच्या आवाक्याबाहेरची आहे, तरी कर्ज काढायची तयारी आहे. काढावे का?
(चोपडा तालुका)

उत्तर : काढू नये. 'नक्की' हा शब्द जो वापरतो, त्याच्यापासून चार हात दूर राहावे, हे पहिले.

दुसरे, प्रवेश न मिळाल्यास मुलाचे नुकसान होईल ही भीती जितकी मोठी वाटते तितकी ती नसते. पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जोशुआ अँग्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षा-शाळांचा अभ्यास केला. कट-ऑफच्या जेमतेम वर राहून आत गेलेली आणि जेमतेम खाली राहून बाहेर राहिलेली मुले पुढच्या परीक्षांत कशी ठरतात, हे त्यांनी ताडून पाहिले, तेव्हा दोघांच्या गुणांत फारसा फरक सापडला नाही. त्या शाळांची कीर्ती बऱ्याच अंशी मुळात हुशार असलेली मुले निवडण्यातून आलेली आहे. नवोदयला हा निष्कर्ष पूर्णपणे लागू होणार नाही, कारण तिथे राहणे-जेवणे आणि बारावीपर्यंतचे शिक्षण मिळते आणि खेड्यातील गरीब घरासाठी तो आधार मोठा आहे. तेव्हा मुलाने परीक्षा जरूर द्यावी. गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका, आकृत्यांचा रोज तासभर सराव आणि शाळेतील शिक्षकांशी एक स्पष्ट बोलणे, एवढ्यावर तयारी होऊ शकते; आपल्या भागात शाळा भरण्याआधी फुकट जादा तास घेणारे गुरुजी आणि बाई आजही आहेत. ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही, म्हणून वर्ष वाया घालवून पुन्हा बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका.

तिसरे, आणि हे क्लासवाल्यांनी तुम्हाला बहुधा सांगितलेले नाही. तिसरी ते पाचवी या काळात एक दिवस जरी शहरी भागातील शाळेत शिकलेला विद्यार्थी नवोदयच्या नियमांनुसार शहरी धरला जातो. मुलाचे नाव गावच्या शाळेतून काढून शहरातील शाळेत घातले, तर ७५ टक्के ग्रामीण जागांवरचा त्याचा हक्क त्याच दिवशी संपेल. शाळा सोडल्याचा दाखला काढण्यापूर्वी चालू वर्षाचे नवोदयचे माहितीपत्रक मुख्याध्यापकांसमोर बसून वाचून घ्या.